मामाच्या रक्ताचा नमुना

भ्रूणाची आनुवंशिक तपासणी करायची म्हटलं, की प्रयोगशाळा आधी घरातल्या आजारी माणसाचं रक्त मागते. हिमोफिलिया 'ए' या आजारात रक्त गोठवणारा आठवा घटक, सगळे ज्याला 'फॅक्टर एट' म्हणतात तो, शरीरात तयारच होत नाही किंवा फार कमी होतो. तो तयार करणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि प्रत्येक घराण्यात ते वेगळ्या जागी बिघडलेलं असू शकतं. तीव्र आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत त्या जनुकाचा मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. उरलेल्यांत शेकडो निरनिराळे बिघाड आढळतात. पाच दिवसांच्या भ्रूणातून तपासायला पाच ते दहा पेशी मिळतात. त्यांत नेमकं काय बघायचं हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते सांगू शकतं आजारी माणसाचं रक्त. ज्याचा आजार पुढच्या पिढीत नको आहे, त्याच्याच दारात नमुना मागायला जावं लागतं.

खाली बोलणारे मामा आणि भाची एका घरातले नाहीत. अशा घरांतून वेळोवेळी ऐकलेलं बोलणं मी दोघांच्या तोंडी घातलं आहे, थोडं मामींच्या तोंडी. नावं मुद्दामच दिलेली नाहीत. मामा जुन्या सांगवीतले, मुळा आणि पवना यांच्या मधल्या पट्ट्यात वाढलेले, पन्नाशी ओलांडलेले. भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपचे हिशेब लिहून त्यांनी संसार केला. डावा गुडघा वाकत नाही. भाची चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, सासर नवी सांगवीत. ती स्वतः वाहक आहे, बोलण्यात 'कॅरियर'. तिला मुलगा झाला तर तो आजारी असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलगी झाली तर ती कॅरियर असण्याची शक्यताही निम्मी.

भाची : मामा, लॅबवाल्यांना तुमचं रक्त लागणार आहे. कसं विचारावं तेच कळत नव्हतं.

मामा : रक्त देईन, त्यावरून वाद नाही. लहानपणी ससूनला मला क्रायोच्या पिशव्या चढायच्या, त्या कुणा अनोळखी माणसांच्या रक्तातून निघालेल्या. मी सख्ख्या भाचीला दोन ट्यूब नाही म्हणेन का? फक्त देण्याआधी एक विचारतो. आम्ही नको होतो का गं?

भाची : असं बोलू नका. तुम्ही आहात, आणि तुमच्याशिवाय आमचं घर मला आठवतच नाही. मी ज्याच्याबद्दल बोलतेय तो अजून कुणीच नाही. त्याला दुखत नाही, त्याला काही कळत नाही.

मामा : मीही एकदा पाच दिवसांचा होतो. तेव्हा ही तपासणी असती तर मला बाजूला ठेवलं असतं.

भाची : आणि आजीनं एक महिना उशिरा दिवस जाऊ दिले असते, तरी तुम्ही नसताच. दुसरंच कुणी असतं. त्याबद्दल कुणी आजीला दोष देत नाही.

भाचीचा मुद्दा तर्काला धरून आहे आणि मला तो पटतो. न जन्मलेल्यावर अन्याय होतो, असं मला वाटत नाही. तरीही मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात येत नाही. माणसानं पन्नास वर्षांत काय काय केलेलं असतं: हिशेब चोख ठेवले, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडलं, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवलं. तपासणीला त्यातलं काहीच दिसत नाही, तिला गुडघा तेवढा दिसतो. आपल्याकडे बघून घरच्यांनाही तेवढंच दिसतं की काय, ही मामांची भीती आहे. ती तर्कानं जात नाही.

मामा : तुला ठाऊक आहे का, जगात ही तपासणी पहिल्यांदा झाली ती कशी? १९९० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात, अ‍ॅलन हँडीसाइड नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटानं केली. आमच्याच जातीच्या आजारांसाठी, म्हणजे एक्सवरून येणाऱ्या. तेव्हा नेमकं जनुक तपासता येत नव्हतं. मग भ्रूण मुलगा की मुलगी एवढंच बघायचे, मुलगा असला की सोडून द्यायचा. त्यातले निम्मे मुलगे तर धडधाकट असणार होते.

भाची : पण आता नेमकं जनुक बघता येतं. म्हणून तर तुमचं रक्त हवंय.

मामा : येतं. पण त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं ते आठव. १९८८ ला महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ ला आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली किती? ८९४. बीडमध्ये ८०७. निवडायचं यंत्र आपल्या लोकांच्या हातात दिलं की ते काय निवडतात, हे आपण बघितलंय. म्हणून मला धास्ती वाटते. तुझी नाही, यंत्राची.

भाची : म्हणून तर कायदे आहेत ना. २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, स्पष्ट सांगतो, की भ्रूणाची तपासणी आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच करायची. त्याच कायद्यात मुलगा-मुलगी निवडायला बंदी आहे. आणि २००७ मध्ये एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. दोन मुली आहेत, आता मुलगा निवडू द्या म्हणाले. कोर्टानं ऐकलं नाही.

मामा : कायदा एका बाजूनं मला धरतो, दुसऱ्या बाजूनं सोडतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया घातला, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही घातले. मला हक्क दिले. आणि १९९४ च्या कायद्यात गर्भ कशासाठी तपासायला परवानगी आहे त्या यादीत लिंगसंलग्न आनुवंशिक आजार, म्हणजे पुन्हा मीच.

भाची : त्यात विसंगती कसली? रस्त्यावरचे अपघात टाळायचे म्हणून अपघातात पाय गेलेल्याला कुणी हिणवत नाही.

मामा : अपघात मला बाहेरून झाला असता. हे मी जन्मापासून आहे.

या वाक्यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. आजार म्हणजे माणसाला जडलेली गोष्ट, की माणसाचाच भाग, हे बाहेरच्यानं ठरवू नये. मामा कधी एक म्हणतात, कधी दुसरं. गुडघा ठणकत असला की आजार परका वाटतो, बरं वाटत असलं की आपला.

मामी इतका वेळ आत होत्या. त्या आल्या त्या सरळ बोलत्या झाल्या.

मामी : तुम्ही दोघं कायद्याचं बोलताय, मी रात्रीचं बोलते. लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात ह्यांचा गुडघा रात्री दोनला भरून आला. कातडी ताणून चकाकत होती, हात लावू देत नव्हते. फ्रीजमधला बर्फ संपला, मी शेजारी उठवून मागून आणला. पुढं घरी फॅक्टर द्यायला शिकले. ती बाटली जोरात हलवायची नसते, फेस होतो. दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायची, पावडर विरघळून पाणी नितळ दिसेपर्यंत. मग बटरफ्लाय सुई आणि शीर. शीर सापडली नाही की हे म्हणायचे, राहू दे. राहू कसं देणार? मला लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. मी कळून सवरून हो म्हटलं. पण हिनं नाही म्हटलं म्हणून हिला आजारी माणसांचा कंटाळा आहे असं समजू नका. मूल आजारी झालं तर नोकरी कोण सोडणार? चाकणच्या कंपनीची बस पहाटे कुणाची चुकणार?

मामा : मी तसं म्हटलं नाही.

मामी : म्हटलं नाही, पण 'आम्ही नको होतो का' असं विचारलं की तिच्या पोटात काय होतं ते मला कळतं. तुमच्या आईला लोक काय बोलायचे? रक्तातच खोट आहे म्हणायचे. त्या म्हातारीनं मरेपर्यंत ते अंगावर घेतलं.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. आजार मुलग्यांना होतो आणि येतो आईकडून, त्यामुळं या आजारात दोष चिकटतो तो बाईला. लोकांना अर्धी माहिती असते, तेवढ्यावरच ते बोलतात. वास्तविक हिमोफिलियाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत घराण्यात आधी कुणालाच आजार नसतो; जनुकातला बदल नव्यानं झालेला असतो. मामा पुढं नेमकं तेच बोलले.

मामा : मला एवढंच सांग. तुझ्यासारख्या सगळ्या मुलींनी तपासणी केली, तरी ज्यांच्या घरात कुणालाच नव्हतं अशांची मुलं जन्मणारच. तेव्हा ती थोडी असतील. थोड्यांसाठी कोण भांडेल? आज आम्ही एवढे असून साठा संपला की 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. आम्ही आणखी कमी झालो तर?

भाची : ही भीती खरी आहे, मी खोटी नाही म्हणत. पण सायप्रसचं बघा. त्या छोट्या बेटावर थॅलेसेमिया इतका होता, की सगळ्या मुलांना रक्त आणि औषध पुरवता पुरवता आरोग्याचा पैसाच संपेल असं १९७० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लग्नाआधी तपासणी सुरू केली. १९८३ पासून चर्चही लग्नाला तपासणीचा दाखला मागायला लागलं. लग्न मोडायची सक्ती नव्हती, फक्त माहिती घ्या एवढंच. नव्या रुग्णांचे जन्म जवळजवळ थांबले, आणि जे होते त्यांना चांगले उपचार मिळत राहिले.

मामा : सायप्रसमध्ये मिळाले. इथं मिळतील याचा कागद कोण देतंय?

सायप्रसचं उदाहरण आपल्याला परकं नाही. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण देशाच्या तीन-चार टक्के सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. त्याच्यासाठी काम करणाऱ्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. या दोन्ही आजारांत आधी लागते ती साधी रक्ततपासणी, आयव्हीएफ नव्हे. भ्रूणाची तपासणी लाखांत जाते. आदिवासी पाड्यावरच्या बाईला ती कुणी देऊ करणार नाही. तंत्रज्ञानानं आजार संपेल असं जे बोललं जातं, त्यात कुणाच्या घरचा संपेल हे कुणी सांगत नाही. पैसेवाल्यांच्या घरातून आजार गेला आणि गरिबांच्या घरात राहिला, तर त्याच्या औषधासाठी विधानसभेत प्रश्न कोण विचारणार? मामांच्या धास्तीत मला सगळ्यांत वजनदार वाटतं ते हे.

मामा : आणखी एक. तू माझ्याकडे बघून पुढच्या मुलाचं ठरवतेयस. मी लहान असताना क्रायो होतं, तेही मिळालं तर. गुडघा तेव्हाच गेला. आता कातडीखाली द्यायचं एमिसिझुमॅब आलंय. आठवड्याला, पंधरा दिवसांनी, कुणाला महिन्यातून एकदा. शीर शोधायची गरज नाही. ज्यांना लहानपणापासून मिळतं ती मुलं मैदानावर पळतात. २०२४ च्या डिसेंबरात वेल्लोरच्या सीएमसीतल्या जनुकोपचाराचे निकाल छापून आले. पाच रुग्ण, पाचांचाही रक्तस्राव थांबला. तू ज्या मुलाला घाबरतेयस तो मी नाही. तो वेगळ्या काळातला असेल.

भाची : पाच जण, मामा. पाच. मला आनंदच आहे. पण माझं वय बत्तीस. वेल्लोरचं औषध सांगवीपर्यंत कधी येईल, किती रुपयांना येईल, त्यावर मी मूल जन्माला घालू? आणि एमिसिझुमॅबची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते प्रत्येक मुलाला सरकारी दवाखान्यातून मिळेल असं आज कुणी लिहून दिलं, तर मी कदाचित आयव्हीएफच्या फंदात पडणार नाही. खरंच सांगते.

भाचीचं हे बोलणं मला या वादातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. औषधाची खात्री नसताना केलेली निवड मोकळी नसते, ती अडवणूक असते. तपासणीची मुभा असावी, हे माझं मत आहे. पण ज्या जिल्ह्यात तपासणीची जाहिरात चौकाचौकात लागते, तिथं फॅक्टर आणि एमिसिझुमॅब सरकारी रुग्णालयात बारा महिने असलंच पाहिजे. सांगवी फाट्याजवळच औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. आजारी मुलाची आई तिथं चालत जाऊ शकते. तिला तिथून रिकाम्या हातानं परतावं लागणार नाही, अशी तजवीज ज्या दिवशी होईल त्या दिवसापासून तपासणीला मी खरी निवड म्हणेन. आज 'ज्याचा त्याचा प्रश्न' असं म्हणून हात झटकणारे लोक आईला एकटीला सोडून मोकळे होतात.

मामा : मग वारेचा नमुना का नाही घेत? अकरा-बारा आठवड्यांना तपासतात. एवढी इंजेक्शनं, एवढा खर्च वाचेल.

भाची : आणि गर्भ आजारी निघाला तर? तीन महिने पोटात वाढवलेला पाडायचा. ते मला जमणार नाही. २००८ मधली निकेता मेहता आठवते? बाळाच्या हृदयात दोष आहे हे उशिरा कळलं. तेव्हा कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. उच्च न्यायालयात गेली, परवानगी नाकारली. सगळ्या देशानं तिच्या पोटावर चर्चा केली, आणि पुढं गर्भपात आपोआपच झाला. २०२१ ला कायदा सुधारला, गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ वेळेची मर्यादा न ठेवता परवानगी देऊ शकतं. तरी मला त्या वाटेनं जायचं नाही. भ्रूण पोटात ठेवण्याआधीच कळलेलं बरं.

मामा : तुला सोपं जातं, हे कळतं मला. पण तीच मला अडचण वाटते. पोटातलं पाडणं जड जातं, म्हणून माणूस दहादा विचार करतो. गोठवून ठेवलेल्यातलं एक घ्यायचं, बाकीची ठेवायची, हे हलकं आहे. आज हिमोफिलिया. अमेरिकेत आताच उंचीचे आणि बुद्धीचे अंदाज विकायला निघालेत.

भाची : हलकं? दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग बीजं काढायची, मग भ्रूण वाढतात का बघायचं, पेशी काढायच्या, गोठवायचे, अहवालाची वाट बघायची. एवढं करून ठेवलेला भ्रूण रुजेलच असं नाही. आणि रुजला तरी डॉक्टर म्हणतात, अहवाल शंभर टक्के नसतो, पुढं खात्री करून घ्या. यात काहीच हलकं नाही, मामा. उंचीसाठी मी हे करणार नाही, आणि कुणाला करूही देऊ नये.

मामा गप्प बसले. मग त्यांनी जो प्रश्न काढला तो मला वाटतं ते सुरुवातीपासून मनात धरून होते.

मामा : मुलींचं काय करणार?

भाची : कसल्या मुलींचं?

मामा : चार तऱ्हा निघणार ना? आजारी मुलगा, निरोगी मुलगा, निरोगी मुलगी आणि कॅरियर मुलगी. आजारी मुलगा सोडलास, समजलं. कॅरियर मुलगी सोडणार का? तिला बहुधा काही त्रास नाही. तुझ्यासारखी नोकरी करेल, लग्न करेल. तिला सोडलंस तर तू आजार टाळत नाहीस, तू स्वतःलाच टाळतेस.

भाची : कायद्यानं लिंग सांगता येत नाही. पण या आजारात 'कॅरियर' म्हटलं की मुलगीच. म्हणून मी डॉक्टरांना आधीच सांगितलंय, मला आजारी नसलेले सगळे भ्रूण सारखे. त्यांत निवड करू नका, मला सांगूही नका.

मामा : नवऱ्याला मान्य आहे?

भाची : आहे. सासूबाईंना अजून बोलले नाही. त्या म्हणतील एवढा खर्च करताय तर अगदी निर्मळच घ्या ना. त्यांना सांगायला लागेल, की तुमची सूनही तशी निर्मळ नाही.

मामी : सांग. मी येते बरोबर.

मामा : आमच्या पोरीचंही सांगायचं राहिलंय. माझी मुलगी म्हणजे ती कॅरियर असणारच, त्याला तपासणी नको. माझं एकच एक्स आहे, तेच तिला गेलं. यंदा बारावीला आहे. तिची फॅक्टरची पातळी एकदा बघून घ्यायला हवी, दाढ काढायची झाली, ऑपरेशन झालं तर लागते. पण तिला सगळं समजावून सांगायला माझं तोंड उघडत नाही.

भाची : तुम्ही सांगायला हवं.

मामा : मी सांगितलं तर तिला वाटेल मी माफी मागतोय. तू सांग. तुझं वय तिच्या जवळ आहे.

भाची : मी सांगेन. पण मी नव्या औषधाचंही सांगेन आणि मी जी तपासणी करतेय तिचंही सांगेन. दोन्ही. एक लपवून दुसरं नाही सांगणार. तुम्हाला चालेल?

मामा : तिची परीक्षा होऊ दे. सांगशील तेव्हा मी खोलीत असेन. काही चुकीचं बोललीस असं वाटलं तर मधेच बोलेन.

भाची : बोला की. आणि तिनं काही विचारलं तर?

मामा : तर तिला विचारू दे.